वायरीचा बाऊ
लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून जुना, पण धडधाकट ॲम्प्लिफायर मिळवायचा आणि वाचलेले पैसे ‘स्पेशल’ वायरीत घालायचे, हा उफराटा कारभार झाला. ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम गळ्यात मारून घेऊ नका. टोक खरवडलं की आतून पांढरं दिसतं. खरी मेख जोडणीत. एकाच स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागली, तर दोन्ही स्पीकरचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि डग्ग्याचा घुमारा जवळजवळ गायब होतो. लोक मग सबवूफर आणायला धावतात! आणि हो, तारा पिळूनच टर्मिनलमध्ये घाला. सुटलेली एखादी शेजारी टेकली, तर ॲम्प्लिफायरच जायचा.