वाळवंट पाहण्याआधी आपला माळ पाहा



सहलीचे दिवस जवळ आले की वर्गात ठरलेली नावे निघतात. औंढा नागनाथ, वेरूळ, अजिंठा, फार तर महाबळेश्वर. समजा, यंदा आखाडा बाळापूरच्या एखाद्या शाळेत एका मुलाने हात वर करून म्हटले, "सर, आपण थरच्या वाळवंटात जाऊ या. तिथे फार मोठे राष्ट्रीय उद्यान आहे!" वर्ग हसेल. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणेल, "वाळूत काय पाहायचे? तिथे तर काहीच नसते."

माझे मत असे, की पहिल्या मुलाला हसू नये आणि दुसऱ्याचे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे. 'तिथे काहीच नसते' हे खरे की खोटे, हे तपासण्यासाठीच ही सहल काढावी. मात्र ही तपासणी जैसलमेरला उतरल्यावर सुरू करू नये. ती निघण्याच्या तीन महिने आधी, आपल्याच गावाबाहेरच्या माळावर सुरू करावी. असे का, ते सांगतो.

प्रथम नकाशा उघडा. राजस्थानातील जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत हे उद्यान पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या सुमारे दोन तृतीयांश. ते चौरस आकाराचे मानले तर त्याची एक बाजू ५६ किलोमीटर भरेल. आता पट्टी घेऊन बाळापूर ते जैसलमेर हे अंतर मोजा. सरळ रेषेत ते हजार किलोमीटरांहून थोडे अधिक येते. रेल्वेने आणि रस्त्याने जाताना त्याहून बरेच वाढते. मग रेखांश पाहा. जैसलमेर आपल्या पश्चिमेला सुमारे साडेसहा अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे तिथे मध्यान्ह सुमारे २६ मिनिटे उशिरा होते. शिवाय ते ठिकाण आपल्या उत्तरेला असल्याने डिसेंबरात तिथला दिवस लहान असतो आणि सूर्योदय आणखी मागे पडतो. पक्षी पाहायला पहाटे निघणाऱ्याला हा हिशेब उपयोगी पडतो. भूगोलाच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे रेखांश इथे गजराची वेळ ठरवतात!

आता ऋतू. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे तो आठ-नऊशे मिलिमीटर पडतो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने वाळू दिवसा भराभर तापते आणि रात्री तितक्याच भराभर निवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढावी, आणि वाळवंटात जायचे असले तरी स्वेटर घ्यावा. पाण्याचा हिशेब वर्गातच करा. चाळीस जण, दोन दिवस, माणशी रोज चार लिटर, असे धरले तर ३२० लिटर पाणी होते. त्याचे वजन ३२० किलो. एवढे ओझे कोण, कशातून नेणार? हा प्रश्न सुटला, की तिथली माणसे पावसाचे पाणी टाक्यांत आणि कुंडांत का जपून ठेवतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इथवरची तयारी कोणीही करील. खरी अडचण पुढे आहे. एवढ्या अफाट प्रदेशात पाहायचे काय? बहुतेक प्रवासी सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर जातात, उंटावर बसतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परततात. वस्तुतः उद्यानाच्या सुमारे पाचव्या हिश्शातच अशा टेकड्या आहेत. बाकीचा भाग म्हणजे गवताळ माळ, खडकाळ पठारे, झुडपे आणि विरळ झाडे. त्यांतले खेजडी हे झाड तुम्ही ओळखता. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच ही शमी! तिथे तिच्या शेंगांची भाजी होते आणि पाल्यावर शेळ्या-उंट जगतात. सेवण नावाचे गवत वाळू धरून ठेवते. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सांडा, गिधाडे हे सारे तिथलेच रहिवासी. उद्यानाच्या हद्दीत गावे आणि ढाण्याही आहेत. नावात 'राष्ट्रीय उद्यान' असले, तरी १९८० साली ते घोषित झाले ते अभयारण्य म्हणून. जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले वृक्ष आहेत. आपल्या पायाखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे ते वृक्ष आपल्या कातळाच्या पावणेतीनपट जुने! आता सांगा, 'तिथे काहीच नसते' हे वाक्य टिकते का?

या माळावरचा एक मोठा रहिवासी म्हणजे माळढोक. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. आपल्या देशातील सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी हा एक. घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आज मोकळ्या निसर्गात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि देह जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. सूर्य आणि वारा यांच्यापासून वीज मिळवणे आपल्याला हवेच आहे. पण ती वीज वाहून नेणाऱ्या तारा याच माळावरून जातात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने इथल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो बदलून हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर काय करावे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तो या माळावर भेटतो.

आणि हा पक्षी परका नाही. 'माळढोक' हे नावच मराठी आहे. एके काळी आपल्या महाराष्ट्राच्या माळांवर तो हिंडत असे. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार होता ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे राजस्थानच्या उद्यानाच्या अडीचपटीहून अधिक! पुढे तो १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला गेला. आज तिथे एखादा माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते. यातून मी एक धडा घेतो. नकाशावरचा विस्तार पक्ष्याला वाचवत नाही. त्याला जिथे निर्धास्त चरता येते आणि अंडे घालता येते, तो लहानसा तुकडा वाचवतो. माळाला आपण 'पडीक' म्हणालो, म्हणून तो नांगरला, खणला, त्यावर रस्ते नि इमारती केल्या. 'तिथे काहीच नसते' या वाक्याने माळढोकाचे जे नुकसान केले, ते बंदुकीपेक्षा कमी नाही.

म्हणून सहलीची आखणी अशी करावी. आधी गावाबाहेरच्या माळावर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौरस दोरीने आखून घ्या. दर रविवारी सकाळी तासभर तिथे बसा. कोणती गवते उगवतात, कुसळी किती, मुंग्यांची वारुळे किती, चंडोल आणि टिटवी कधी येतात, हे वहीत टिपा. माती आणि वाळू दोन डब्यांत भरून उन्हात ठेवा. दुपारी आणि रात्री तापमान मोजा. ही वही घेऊनच राजस्थानला जा. तिथे सारे उद्यान पाहण्याचा हट्ट धरू नका. वन विभागाची परवानगी, वेळा व शुल्क आधी पत्राने विचारून एकच जागा निवडा आणि तिथे लांबूनच तसाच चौरस नजरेने आखून तासभर शांत बसा. वाटेत विजेचे खांब मोजा. माळढोक दिसला तर भाग्य. न दिसला तर त्याच्यामागे गाडी धावडवू नका. आपल्यामुळे तो उडाला नाही, एवढे समाधानही थोडे नाही.

"पण खर्चाचे काय?" असे शिक्षक विचारतील आणि तो प्रश्न योग्यच आहे. ज्यांच्या घरी एवढे पैसे नाहीत, त्यांना मागे ठेवून निघालेली सहल मला शाळेची सहल वाटत नाही. सर्वांना नेता येत नसेल, तर सोलापूरजवळच्या नान्नजला जा. ते जैसलमेरच्या चौथाई अंतरावर आहे. तेही जमले नाही, तरी गावचा माळ कोणाकडून भाडे मागत नाही. दोरी, वही आणि रविवारची सकाळ एवढेच भांडवल लागते.

तेव्हा मित्रांनो, फळ्यावरचे ते वाक्य अजून पुसू नका. तीन महिने माळावर बसून झाल्यावर ते ज्याने म्हटले, त्याच्याच हाती डस्टर द्या. तो काय करतो, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.