कॅमेऱ्याने वाचवला मासा

मुलांनो, एस.टी.एवढा लांब मासा, आणि खातो काय? तर समुद्रातले बारीक बारीक जीव! त्याचं नाव व्हेल शार्क. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी त्याची सर्रास शिकार व्हायची. त्याच्या यकृताचं तेल होड्यांना चोपडायचे, मांस परदेशी जायचं. केनियात जन्मलेल्या माइक पांडे यांनी ही कत्तल कॅमेऱ्यात टिपली. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या त्यांच्या माहितीपटाला २००० साली ‘ग्रीन ऑस्कर’ समजला जाणारा पांडा पुरस्कार मिळाला. पण खरं बक्षीस पुढेच होतं. २००१ मध्ये आपल्या देशात व्हेल शार्कच्या शिकारीवर कायद्याने बंदी आली!

तुमच्या गावात कोणता मुका जीव अडचणीत आहे? नीट बघा, वहीत टिपा आणि मोठ्यांना दाखवा.