दारूबंदीचा हिशेब: गुन्ह्यांची वही आहे, आरोग्याची कुठे?

वैनगंगेच्या एका काठाला गडचिरोली आणि दुसऱ्या काठाला चंद्रपूर. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता. धानाची शेती, तेंदूपाने, मोहफुले, हिवताप आणि सिकलसेल हे दोन्हीकडे सारखेच. दारूच्या बाबतीत मात्र नदी ओलांडली की कायदा बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. आज गडचिरोली शहरातून पूल ओलांडून सावली तालुक्यातल्या व्याहाडकडे निघालेला माणूस बंदीच्या जिल्ह्यातून खुल्या जिल्ह्यात जातो.

सहा वर्षांच्या अंतराने एकाच राज्याने एकाच जिल्ह्यासाठी दोन विरुद्ध निर्णय घेतले. या काळात दारूविषयीचे विज्ञान बदलले होते का? बदलले असलेच तर अधिक कठोर दिशेने. दारू हा कर्करोगकारक पदार्थ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने थोडी दारू प्रकृतीला बरी असते या समजालाही छेद दिला. संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. तेव्हा निर्णय फिरला तो आरोग्याची नवी माहिती मिळाली म्हणून नव्हे. सरकार बदलले होते आणि सरकारसमोरचे आकडेही वेगळे होते. धोरण कसे ठरते हे समजून घ्यायचे, तर हे आकडे कोणत्या खात्याच्या वहीतून येतात ते पाहावे लागते.

मागणी, समिती, निर्णय

चंद्रपूरची बंदी मंत्रालयात सुचलेली नव्हती. ‘श्रमिक एल्गार’ संघटना आणि ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांनी ती लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर पदयात्रा गेली. ग्रामपंचायतींनी ठराव केले. तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने बंदीच्या बाजूने कौल दिला. तरीही निर्णय व्हायला सत्तांतर व्हावे लागले. जानेवारी २०१५ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने बंदी मंजूर केली, तेव्हा सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री होते.

उलट प्रवासही असाच झाला. पुन्हा सत्तांतर झाले, विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०२१ मध्ये समिती नेमली गेली, मार्चमध्ये अहवाल आला आणि मे महिन्यात बंदी उठली. बंदी फसली, अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, स्त्रिया आणि मुले या धंद्यात ओढली गेली आणि महसूल बुडाला, ही कारणे सरकारने दिली.

ही कारणे खोटी ठरवण्याची घाई करू नये. बंदीच्या जिल्ह्यात चोरटी वाहतूक होते, बनावट दारू येते, पोलिसांचे हात ओले होतात, हे चंद्रपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न वेगळा आहे. या यादीत पोलिसांचे खाते आहे, उत्पादन शुल्काचे खाते आहे. आरोग्याचे खाते कुठे आहे? यकृताचे आजार, दारूच्या नशेतले अपघात, घरातली मारहाण, आत्महत्या, क्षयरोग्यांनी अर्धवट सोडलेले उपचार यांचे काय झाले? आणि हा प्रश्न २०१५ च्या निर्णयालाही लागू होतो. बंदी लावतानाही आरोग्याची मोजणी करून ठेवलेली नव्हती.

गुन्ह्यांचा आकडा काय सांगतो

बंदी उठवताना सर्वाधिक चर्चा झाली ती गुन्ह्यांच्या आकड्यांची. सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०१० ते २०१४ या पाच वर्षांत जिल्ह्यात १६ हजारांवर गुन्हे नोंदले गेले होते. २०१५ ते २०१९ या काळात ते ४० हजारांवर गेले. आकडा मोठा आहे, पण तो कशाचा आहे हे विचारायला हवे.

ज्या दिवशी बंदी लागते, त्या दिवशी कालपर्यंत कायदेशीर असलेली बाटली गुन्हा होते. दुकानातून पिशवीत आणलेली दारू, मोटारसायकलवरून नेलेली पेटी, घरामागे झाकलेली हातभट्टी या सर्वांची नोंद ठाण्यात होऊ लागते. त्यामुळे बंदीनंतर नोंदी वाढणे अटळच असते. त्यातला किती भाग प्रत्यक्ष हिंसेचा आणि चोरीचा, किती भाग बंदीच्या कायद्याने नव्याने निर्माण केलेला, आणि किती भाग पोलिसांच्या वाढलेल्या छाप्यांचा, हे वेगळे केल्याशिवाय एकत्रित आकड्यावरून समाज अधिक गुन्हेगार झाला असे म्हणता येत नाही.

गडचिरोलीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. ज्या तालुक्यात तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने अधिक घेतले जातात, तिथे हिवतापाचे रुग्ण अधिक सापडतात. म्हणून हिवतापाच्या कार्यक्रमात नुसती रुग्णसंख्या पाहत नाहीत; किती नमुने तपासले आणि त्यात किती दूषित निघाले हेही पाहतात. दारूबंदीचे मूल्यमापन करताना ही साधी शिस्त पाळली गेली असती, तर चर्चा अधिक प्रामाणिक झाली असती.

‘आधी’ची नोंदच नाही

बंदीचा आरोग्यावर काय परिणाम झाला हे मोजता येत नाही, असा एक युक्तिवाद असतो. तो टिकत नाही. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण राज्यात बंदी लावली. तिच्या परिणामांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती घेतली आणि बंदीच्या आधी व नंतर बिहारमध्ये झालेला बदल शेजारच्या राज्यांतील त्याच काळातल्या बदलाशी ताडून पाहिला. दररोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्यांची संख्या बंदीमुळे सुमारे २४ लाखांनी कमी राहिली आणि पतीकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली, असा त्यांचा अंदाज आहे. त्याच बिहारमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेक बळी घेतले आणि बंदीच्या खटल्यांनी न्यायालये तुंबली, हेही खरे. दोन्ही बाजू आकड्यांत समोर असल्या, तर निदान नफा-तोटा मांडता तरी येतो.

पूर्व विदर्भात असा अभ्यास करण्याची संधी बिहारपेक्षाही चांगली होती. गडचिरोली आणि वर्धा हे कायम बंदीचे जिल्हे, नागपूर आणि यवतमाळ हे कायम खुले, आणि मधल्या चंद्रपुरात बंदी आली आणि गेली. पिके, समाज, बाजार, बोली यांत बरेच साम्य असलेल्या जिल्ह्यांत धोरणाने आपोआप एक प्रयोग मांडून ठेवला होता. पण प्रयोगाला ‘आधी’ची नोंद लागते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्हावार आकडे मिळू लागले ते चौथ्या फेरीपासून, आणि तिचे महाराष्ट्रातले काम बंदी लागू झाल्यानंतर २०१५ मध्ये झाले. पाचव्या फेरीचे काम २०१९ मध्ये झाले. म्हणजे चंद्रपूरचे दोन्ही आकडे बंदीच्या काळातले आहेत. शिवाय ही माहिती लोकांना विचारून मिळते. जिथे पिणे लपवावे लागते तिथे उत्तरही जपून दिले जाते. २०१५ मध्ये बंदीपूर्वी काही महिने घेऊन पाहणी केली असती, तर २०२१ मध्ये वाद घालायला ठोस पाया मिळाला असता.

गडचिरोलीचाच धडा

मोजणीने धोरण बदलते, याचे देशातले एक ठळक उदाहरण नेमके याच भूमीतले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील गावांत जन्म आणि बालमृत्यूंची घरोघरी नोंद ठेवली. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत नवजात बाळांची घरी काळजी घेतली गेली आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी नोंदीत बालमृत्यू कमी दिसतात, हे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवल्यावर राज्याला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. २०११ मध्ये केंद्राने घरोघरी नवजात बालसेवा आशांच्या कामाचा भाग केली. शोधनिबंधापासून धोरणापर्यंत बारा वर्षे लागली, पण नोंदच नसती तर मागणी कशाच्या बळावर केली असती?

दारूच्या बाबतीतही गडचिरोलीने काही पुढचे पाऊल टाकले आहे. २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने सुरू झाला. लोकजागृती, गावपातळीवरची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार असे त्याचे भाग आहेत. यातला उपचाराचा भाग वैद्यकीयदृष्ट्या कळीचा आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. दुकान बंद करणारे पण दवाखाना न उघडणारे धोरण अर्धेच असते. चंद्रपूरला २०१५ मध्ये हे दुसरे अर्धे पुरेसे मिळाले नाही.

तिजोरी आणि तराजू

आरोग्याची वही मागे पडण्याचे एक कारण रचनेतच आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे, ही राज्याची कर्तव्ये एकाच ठिकाणी सांगितली आहेत. प्रत्यक्षात दारूचा कारभार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतो. खुल्या जिल्ह्यात परवाने देऊन महसूल वाढवणे आणि बंदीच्या जिल्ह्यात छापे घालणे, ही दोन्ही कामे एकाच विभागाची. आरोग्य विभागाला परवान्याच्या निर्णयात आवाज नाही.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय याच चष्म्यातून पाहता येतो. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन मूल्याच्या तीनपटीवरून साडेचारपट करण्यात आले. किंमत वाढली की पिणे घटते, म्हणून कर वाढवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. पण या निर्णयाचा घोषित हेतू होता वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा वाढीव महसूल. सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा प्रकारही आला. १८० मिलिलिटरसाठी देशी दारू ८० रुपये, विदेशी मद्य २०५ रुपये आणि मधल्या जागेत हा नवा प्रकार १४८ रुपये. आरोग्याच्या वहीतून ठरवले असते, तर महाग झालेल्या बाटलीशेजारी स्वस्त बाटली ठेवली गेली असती का?

गडचिरोलीतली बंदी उठवावी की ठेवावी, ही चर्चा पुन्हापुन्हा डोके वर काढते. उद्योग येतील, रस्ते होतील, बाहेरची माणसे वाढतील तशी ती आणखी वाढेल. निर्णय कोणताही होवो, तो घेण्याआधी काही नोंदी हाताशी असायला हव्यात: जिल्हा रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूशी संबंधित आजार आणि जखमांची वेगळी नोंद, दर दोन-तीन वर्षांनी स्वतंत्र संस्थेकडून घरोघर नमुना पाहणी, आणि तुलनेसाठी वैनगंगेपलीकडच्या तालुक्यांत तीच पाहणी. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. मोहाची दारू ज्या समाजांच्या पूजेत आणि सणांत आहे, त्यांनी स्वतः मर्यादा कुठे आखली आहे, तेही त्या नोंदीत यायला हवे.

चंद्रपुरात बंदी लागली तेव्हा आणि उठली तेव्हा, दोन्ही वेळा पदयात्रा, ठराव, समित्या आणि गुन्ह्यांचे तक्ते होते. ज्या स्त्रिया चिमूरहून नागपूरला चालत गेल्या, त्यांची तक्रार घरातल्या मारहाणीची, उपाशी मुलांची आणि अकाली गेलेल्या माणसांची होती. तिचे उत्तर देणारा आकडा दोन्ही निर्णयांच्या वेळी कोणाकडेच नव्हता. गडचिरोलीच्या बाबतीत तो आधीच जमवून ठेवायला अजून वेळ आहे.