बेंबी पिकते गोठ्यात, दोष मात्र नशिबाला

कापसाचा उत्पादन खर्च मांडताना बियाण्याची पिशवी, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळे आम्ही पैशापैशाने लिहितो. आठ दिवसांचे वासरू दगावले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? ते लिहिलेच जात नाही. नजर लागली म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. गावरान गाय किंवा म्हैस वासरू गेल्यावर पुष्कळदा पान्हाच सोडत नाही. म्हणजे वासरासंगे त्या वेताचे दूधही गेले. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. रोजचे मीठ-मिरची या दुधावर चालते.

नाळ तुटली की बेंबी हे उघडे दार असते. तिच्यातली शीर थेट यकृतापर्यंत, म्हणजे कलेजीपर्यंत जाते. शेणमुताच्या चिखलात वासरू बसले की जंतू त्या वाटेने आत शिरतात, रक्तात मिसळतात आणि सांध्यांत जाऊन बसतात. गुडघे सुजतात. मग वाताने पाय धरले म्हणून डाग द्यायचा! रोग बेंबीत आणि चटका गुडघ्याला. नाळेवर शेण, माती, राख लावणे हे तर रोगाला हाताने आवतण देणे झाले.

पण आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान चिकाच्या बाबतीत होते. जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, अशी समजूत गावोगाव आहे. जार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. वासरू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही. ती त्याला चिकातूनच मिळते. वासराच्या आतड्यातून ती अंगात जायची वाट तासागणिक बंद होत जाते, आणि 24 तासांनंतर पाजलेल्या चिकाचा त्यासाठी उपयोग उरत नाही. 20 किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत 2 लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उरला तर खुशाल खरवस करा. शेजारीपाजारी आधी आणि वासरू मागून, हा शिष्टाचार महागात पडतो.

गोऱ्हा झाला की आणखी हेळसांड. 2015 च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, मग गोऱ्ह्याला कोण जपणार? कायदा करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उपाय खर्चाचा नाही. व्यायच्या जागी कोरडे कुटार अंथरावे. नाळ आपोआप तुटली नाही तर दोन इंच ठेवून स्वच्छ दोऱ्याने बांधावी आणि दोऱ्याखाली नव्या ब्लेडने कापावी. कडबा कापायचा विळा नको. मग टिंक्चर आयोडीनच्या वाटीत नाळ पूर्ण बुडवावी, आणि वाळेपर्यंत दिवसातून दोनदा हेच करावे. ही बाटली बियाण्याच्या पिशवीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ती सरकारने फुकट वाटावी असे आम्ही म्हणत नाही. गाभण जनावर तपासताना दवाखान्याने एवढे सांगितले तरी पुष्कळ.

आणि सांगायचे कुणाला? बैठकीला येतो पुरुष, रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसते घरची बाई. तेव्हा हा अंक तिच्या हाती द्या, वाचून दाखवा. बेंबी गरम लागली, सुजली, घाण वास आला किंवा वासरू पाठ वाकवून उभे राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. पैसे काढायला तिने धन्याची वाट पाहू नये.