पन्नाशीचे प्राचीन

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. 'प्राचीन' म्हटले की लीळाचरित्र किंवा वेरूळची लेणी डोळ्यांपुढे यावीत, ही जुनी सवय. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली शहरांतील झाडांच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हटले. हे वाचल्यापासून घरात माझ्या पन्नाशीचे दिवस मोजले जात आहेत. सौभाग्यवतींनी तर ही पदवी मला आगाऊच बहाल केली आहे.

थट्टा राहो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत हा आकडा सध्या भारी महाग झाला आहे. इमारतीचा पुनर्विकास व्हायचा आहे आणि आवारातला आंबा नेमका पार्किंगच्या जागेत उभा. तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे आंब्याचे प्रत्येक वर्ष बिल्डरच्या नावावर एक रोप! साहजिकच त्यांच्या माणसाने बुंध्याकडे एकवार पाहिले आणि सांगितले, "पंचेचाळीस." उपवर मुलाचे वयसुद्धा कोणी इतक्या झटपट उतरवत नसेल.

माझी थोरली बहीण दिल्लीत असते. तिथला कायदा १९९४ चा. जमिनीपासून तीस सेंटीमीटरवर खोडाची जाडी पाच सेंटीमीटर आणि उंची किमान एक मीटर, की झाले झाड. वय कोणी विचारत नाही. परसातल्या पोरसवदा लिंबालाही संरक्षण मिळते, हे चांगलेच. पण एका झाडामागे दहा रोपे हा तिथला सर्वसाधारण हिशेब, आणि शंभर वर्षांच्या पिंपळालाही दहाच!

भाचा सिंगापुरात. तिथे २००१ पासून वारसावृक्षांची यादी आहे, आणि तीत कोणाही नागरिकाला झाड सुचवता येते. बुंध्याचा घेर पाच मीटरच्या वर असावा, ही तिथली एक मोठी कसोटी. फीत खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु आमचा आंबा तिच्यापुढे पहिल्याच फेरीत नापास. मला आपली वयाचीच कसोटी पटते. पैसा टाकून मोठे झाड दुसरीकडून उपटून आणता येईल. आमच्या अंगणात काढलेली त्याची वर्षे कुठून आणणार?

अर्थात हा कायदा शहरांपुरता. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० साली महामार्गाच्या आड आला. हा कायदा काही त्याच्या मदतीला येणार नव्हता. लोक उभे राहिले, बोभाटा मंत्र्यांपर्यंत गेला आणि रस्त्याची आखणी बदलली. २०२२ च्या पावसाळ्यात तो वड कोसळला. पण गेला तो स्वतःच्या मरणाने.

शहरात मात्र कागद लागतो. तोडण्याचा अर्ज झाला की झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. माझी हरकत लिहून तयार आहे. वयाचा पुरावा तेवढा अडला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो परवा दिला: "पानशेतचा पूर आला एकसष्ट साली. तेव्हा इथे आमचं बैठं घर होतं. पुढच्या वर्षी मामंजींनी ही कोय लावली." बिल्डरच्या माणसापेक्षा हा साक्षीदार भक्कम. त्यांचे बोल मी अवतरणचिन्हांसह जसेच्या तसे उतरवले आहेत, आणि खाली त्यांची सही घेतली आहे.