भटकंतीची वही : वाळूत हरवलेलं मैदान



खोडरबर हरवतं, पेनाचं टोपण हरवतं, छत्री तर दर पावसाळ्यात एक तरी हरवतेच. पण अख्खं मैदान हरवलं, असं कधी ऐकलंय का? आणि मैदानही साधंसुधं नाही, गोल्फचं. म्हणजे शंभर-दीडशे एकरांचा कारभार!

नाशिकचे दोस्त लगेच म्हणतील, आमच्याकडे आहे की गोल्फ क्लब मैदान! बरोबर. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामनेसुद्धा झालेत. गोल्फ मात्र फक्त लोकांच्या तोंडच्या नावात उरलाय. तिथे खेळ हरवला, पण मैदान जागेवर आहे. आजची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे.

नकाशाची वही काढा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ दिसेल. त्यातलं एक साउथ यूइस्ट. २०११ च्या जनगणनेत इथे माणसं होती १,७५४. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेत याहून जास्त मुलं असतात! बेटावरचे जुने लोक गेलिक भाषा बोलतात. पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकचा वारा अखंड घोंघावत असतो. तो शंखशिंपल्यांचा चुरा झालेली पांढरी वाळू आत ढकलतो. त्या वाळूवर गवत आणि रानफुलं माजतात. अशा जमिनीला गेलिकमध्ये 'माखर' म्हणतात. मखर नव्हे हं, माखर! जगात अशी जमीन फार थोड्या ठिकाणी आहे.

१८९१ साली या बेटावर सत्तर वर्षांचे एक दाढीवाले आजोबा आले. नाव टॉम मॉरिस. त्यांच्या मुलाचं नावही टॉमच, म्हणून लोक यांना 'ओल्ड टॉम' म्हणत. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा त्यांनी चार वेळा जिंकली होती. शेवटची १८६७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. इतक्या मोठ्या वयात ती स्पर्धा त्यानंतर कोणीही जिंकलेली नाही. (आणि मुलगा? त्यानेही चार वेळाच जिंकली. घरात चहाच्या वेळी काय वाद होत असतील!)

बेटाची मालकीण होती लेडी कॅथकार्ट. बेटावर पाहुणे यावेत म्हणून तिला गोल्फचं मैदान हवं होतं. ओल्ड टॉम आस्कर्निश नावाच्या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत हिंडले आणि त्यांनी अठरा होल्सचं मैदान आखून दिलं. होल म्हणजे नुसता चेंडू पडायचा खड्डा नव्हे बरं का! चेंडू पहिल्यांदा मारतात ती जागा, मधली लांब हिरवळ आणि शेवटी बारीक गवताची, खड्डा असलेली जागा, हे सगळं मिळून एक होल. अशी अठरा.

पुढे दिवस बदलले. १९३० च्या दशकात तिथल्या सपाट जागेवर छोटी विमानं उतरू लागली. टेकड्यांतली होल्स कोणी कापेना, कोणी खेळेना. सपाट भागात नऊ होल्सचं एक साधं मैदान तेवढं उरलं. बाकी सगळं वाळूने आणि उंच गवताने गिळलं. नकाशाही शिल्लक राहिला नाही.

२००५ साली गॉर्डन आयर्विन नावाचा एक माणूस मासे पकडायला म्हणून या बेटावर आला. धंद्याने तो गोल्फच्या मैदानांचा जाणकार, कुठल्या मातीत कुठलं गवत जगेल हे सांगणारा. तिथल्या लोकांनी त्याला अभिमानाने सांगितलं, "आमचं मैदान ओल्ड टॉमने आखलंय." ते सपाट मैदान बघून त्याचा काही विश्वास बसेना. पण पलीकडच्या टेकड्यांत गेल्यावर मात्र तो चाटच पडला.

आता खरी गंमत ऐका. नकाशा नाही, खुणा नाहीत, मग त्याला दिसलं तरी काय?

१८९१ मध्ये बुलडोझर नव्हते. आजचा मैदान आखणारा माणूस टेकडी हलवतो. ओल्ड टॉमला तसं करता येत नव्हतं. निसर्गाने जे तयार ठेवलंय त्यातून निवडायचं, एवढंच हातात. शिवाय तेव्हाचा चेंडू गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा, आजच्या चेंडूपेक्षा खूपच जवळ पडणारा. म्हणजे टॉम आजोबांच्या डोळ्यांनी बघायचं. उभं राहायला उंचवटा कुठे आहे? चेंडू पडायला दोन टेकड्यांमधली घळ कुठे आहे? आणि शेवटी वाऱ्यापासून आडोसा असलेली बशीसारखी जागा कुठे आहे? ही तीन उत्तरं एका ओळीत सापडली, की तिथे होल असण्याची शक्यता. आयर्विन आणि त्याचे साथीदार वाऱ्यापावसात तेच करत हिंडले. मग मार्टिन एबर्ट नावाच्या मैदान आखणाऱ्या तज्ज्ञाने अठरा होल्सची माळ पुन्हा जुळवली. त्यांनी माती जवळजवळ हलवली नाही, मुख्यतः गवत कापलं. बरंचसं काम स्वयंसेवकांनी केलं.

हे तुम्हालाही करून बघता येईल. शाळेच्या किंवा गावाच्या मैदानावर आता खेळ होत नसला, तरी जुनी खेळपट्टी कुठे होती ते शोधा. पावलांनी चेपलेल्या जागी गवत विरळ उगवतं आणि पाणी उशिरा मुरतं. पहिल्या पावसानंतर बघा, चटकन कळेल. मात्र पडक्या इमारतीत आणि जुन्या विहिरीपाशी एकट्याने जायचं नाही, मोठं माणूस सोबत हवंच. आईबाबांना वाचून दाखवा हे वाक्य!

तर, मैदान सापडलं. सगळे खूश? छे! काही शेतकरी चिडले.

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं. या बेटावरच्या छोट्या शेतकऱ्यांना क्रॉफ्टर म्हणतात. माखर हे त्यांचं गायरान. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची गुरं-मेंढरं तिथे चरतात. आणि जमिनीच्या बाबतीत त्यांनी फार सोसलंय. लेडी कॅथकार्टचा सासरा, कर्नल गॉर्डन, याने १८५१ साली या आणि शेजारच्या बेटांवरच्या दीड हजारांहून जास्त माणसांना घरातून काढून जहाजात घातलं आणि कॅनडाला रवाना केलं. अशांच्या नातवंडा-पतवंडांना कोणी सांगितलं, की मालकिणीचं जुनं मैदान आम्ही परत आणतोय, तर त्यांच्या पोटात गोळा येणारच ना? मैदानवाले म्हणत, बेटावर रोजगार नाही, तरुण पोरं निघून जातात, खेळाडू आले तर चार पैसे येतील. भांडण कोर्टापर्यंत गेलं. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच ते इतकं अवघड होतं.

याच काळात आणखी एक मोठी गोष्ट घडली. २००६ मध्ये बेटावरच्या लोकांनी मिळून एक कंपनी काढली आणि जुन्या मालकांकडून सुमारे ९३,००० एकर जमीन विकत घेतली. लेडी कॅथकार्टच्या वेळी जी जमीन एका बाईची होती, ती आता तिथे राहणाऱ्यांची झाली, मैदानासकट.

२००८ च्या ऑगस्टमध्ये अठरा होल्सवर पुन्हा खेळ सुरू झाला. काही जाणकार अजूनही शंका काढतात. ओल्ड टॉमची होल्स नेमकी हीच कशावरून? नकाशाच नाही, तर शपथेवर कोण सांगणार? शंका रास्त आहे. यातली काही होल्स टॉम आजोबांची असतील, काही त्यांच्या शेजारची असतील. पण ज्या टेकड्यांत ते हिंडले त्या टेकड्या याच, याबद्दल वाद नाही.

आणि गायरानाचं काय झालं? उन्हाळ्यात तिथे गोल्फ चालतो. माखर जपायची म्हणून रासायनिक खतं-औषधं टाळतात. याच बेटांवरच्या गवतात कॉर्नक्रेक नावाचा, पाणकोंबडीच्या कुळातला लाजाळू पक्षी घरटं करतो. तो आफ्रिकेतून उडत येतो. दिसत जवळजवळ नाहीच, नुसती कर्रकर्र ऐकू येते, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी. हिवाळा लागला की खेळाडू कमी होतात आणि क्रॉफ्टरांची गुरं टेकड्यांत शिरतात. ओल्ड टॉमच्या मैदानावर मग रवंथ करत गाई उभ्या असतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही.