वजन पुढच्या पायावर!

गोल्फ म्हटलं की हॉस्टेलमध्ये हशा पिकतो. "पैसेवाल्यांचा खेळ!" झालं, विषय संपला. क्लबची फी आणि किटची किंमत बघता ते खोटंही नाही. पण या खेळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट फुकट आहे आणि नेमकी तीच आपण कुणाला शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयर्नने चेंडू मारताना नवशिक्याला वाटतं, चेंडू हवेत जायचा तर तो खालून उचलायला हवा. मग तो मागच्या पायावर रेलतो आणि तिथेच सगळं बिघडतं. अहो, चेंडू उचलायचं काम क्लबचं तिरपं पातं करतंच! सेव्हन आयर्नचा हा कोन साधारण 30 ते 35 अंश असतो.

आपल्या मेकॅनिक्सच्या भाषेत सांगायचं तर स्विंग म्हणजे एक कंस. त्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे पडायला हवा. म्हणजे आधी चेंडू, मग जमीन. वजन मागे राहिलं की तो बिंदूही मागे पडतो. मग क्लब आधी मातीत घुसतो, नाहीतर वर येताना चेंडूच्या डोक्यावर लागतो. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याने छोट्या आयर्नसाठी चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर ठेवावा, मधल्यासाठी किंचित डावीकडे, लांब आयर्नसाठी आणखी थोडा डावीकडे. क्लब खाली येताना आधी वजन डाव्या पायावर जावं, हात मागून यावेत. शेवटी उजवी टाच उचललेली दिसली पाहिजे.

हे सगळं परदेशी वाटतं ना? एन.एस.एस.च्या कॅम्पला मी सेमाडोहला होतो. सिपना नदीकाठच्या या गावात पोरं विटीदांडू खेळत होती. विटी उडाली की पुढचा पाय आधी पडायचा, दांडू नंतर यायचा. लांब टोल्यासाठी मागे झुकणारा एकही नव्हता. विटी हवेत असते, चेंडू जमिनीवर. त्यामुळे चेंडू कुठे ठेवायचा हे वेगळं शिकावं लागेल. पण वजनाचा धडा तोच!

आणि आपल्याकडे? कुठल्याही ट्रायलला पहिला प्रश्न, "स्वतःचं किट आहे का?" मेळघाटातून आलेला माझा एक मित्र एवढं ऐकूनच नाव न देता परत आला. त्याचा टोला कुणी पाहिलाच नाही. दिल्लीत कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारा अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू ठरला. त्यालाही कुणी आधी किट विचारलं असतं तर?

जिमखान्याने नवीन सामान घेण्याआधी एक करावं. मैदानावर चुन्याची एक रेघ मारावी. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहून, तिच्यावर चेंडू आहे असं समजून जुना क्लब फिरवायचा. मातीवरची खूण रेघेच्या पुढे उमटली तर वजन बरोबर गेलं. मागे उमटली तर पुन्हा प्रयत्न. खर्च किती? मूठभर चुना!

क्रिकेट असो, हॉकी असो, टोला पायातूनच येतो. तेव्हा मित्रांनो आणि सर, पुढच्या ट्रायलला आधी पाय बघू या, बूट नंतर!